तिकिटाचे पैसे कोणी दिले?

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मराठी प्रवासवर्णनावर चर्चासत्र झाले. समारोप करणारे ज्येष्ठ समीक्षक म्हणाले की, चार दिवसांत लंडन 'उरकून' येणारा आणि आल्यावर त्यावर लिहिणारा मनुष्य प्रवासी नसतोच. तो सहलीच्या कंपनीचे गिऱ्हाईक असतो, आणि मराठी प्रवासवर्णनाचा ऱ्हास या गिऱ्हाइकांनीच घडवून आणला आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. त्यांत प्रस्तुत लेखकाचीही एक टाळी होती. पुढे वर्षभराने भिशीचे पैसे हाती आले आणि मी सपत्नीक चार रात्री-पाच दिवसांच्या स्वस्त सहलीतून लंडनला जाऊन आलो. ती टाळी परत घेण्यासाठी हा लेख आहे.

आरोपात तथ्य नाही असे नाही. हॉटेल शहरापासून इतके दूर की लंडनच्या नावाने आम्ही बराच वेळ महामार्गच पाहिला. सकाळी सातला बस, मग 'फोटो-स्टॉप', मग बस. मेणाच्या पुतळ्यांपुढे आपल्याच चित्रपटातील नटांशेजारी उभे राहण्यासाठी दोन तास, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीसाठी, तीही बाहेरून, वीस मिनिटे. बिग बेनच्या खाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, याची मला लाज नाही. पण घड्याळ पाहण्याआधी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढला, याची आहे.

तरीही समीक्षकांचा निष्कर्ष मला मान्य नाही. त्यांनी गुन्हा म्हणून धरलेल्या दोन गोष्टी, म्हणजे थोडा वेळ आणि थोडा पैसा, गुन्हा नाहीतच. पदवीच्या वर्गात प्रवासवर्णन शिकवताना आपण निसर्गचित्रण पाहतो, शैली पाहतो, विनोद पाहतो. पण या लेखकाच्या तिकिटाचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न कधी विचारत नाही. तो विचारून पाहावा. पु. ल. देशपांडे इंग्लंडला गेले ते नोकरीच्या निमित्ताने, बीबीसीत प्रशिक्षण घ्यायला. १९६० च्या 'अपूर्वाई'मागे तो निवांत मुक्काम आहे. मीना प्रभु यांचे 'माझं लंडन' हे तेथे दीर्घकाळ घर करून राहिलेल्या डॉक्टर बाईंचे पुस्तक आहे. दोन्ही पुस्तके मी आनंदाने शिकवतो. त्या निवांतपणाला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु तो निवांतपणा ही लेखकाला मिळालेली परिस्थिती होती. त्याला वाङ्मयीन गुण मानून, तो ज्याच्याजवळ नाही त्याला दोषी ठरवणे ही समीक्षा नव्हे. धरणगावच्या माणसाला कापसाचा हंगाम, रजेचा अर्ज आणि घराचा हप्ता यांमधून वर्षाला जेमतेम आठवडा सुटतो. त्याने लंडन पाहायचे तर चार दिवसांतच पाहावे लागणार.

पैशाचे म्हणाल तर मराठीतील सर्वांत थोर प्रवासवृत्तांपैकी एकाचा उगमच पैशाच्या ओढीत आहे. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते सौंदर्यासाठी नव्हे. घरचे दारिद्र्य आणि कर्ज निवारण्यासाठी, दक्षिणेच्या आशेने. वाटेत त्यांना बंड भेटले. 'माझा प्रवास' १९०७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला, आणि आजही तो जिवंत वाटतो त्याचे एक कारण असे की, त्यात कनवटीची काळजी लपवलेली नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा जहाजाचे भाडे त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभे केले. त्या वर्षीच्या त्यांच्या 'इंग्लंडचा प्रवास' या लेखनाकडे त्या भाड्यासह पाहिले की एकट्या विधवा स्त्रीच्या त्या निर्णयाचे वजन कळते. तेव्हा हिशेबाचा विटाळ मराठी प्रवासवर्णनाला पूर्वी नव्हता. तो आपण, पगारी प्राध्यापकांनी, मागाहून लावला.

आमच्या गटात पाचोऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. पतीच्या निधनानंतर प्रथमच एकट्या निघालेल्या. वेस्टमिन्स्टरच्या पुलावर उभ्या राहून त्यांनी थेम्सकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "अहो सर, ही तर आपल्या तापीपुढे नालाच!" गटात हशा पिकला. मीही हसलो. समीक्षक या उद्गाराला अपरिपक्व तुलना म्हणतील. मला आता वाटते की पाच दिवसांत आमच्यापैकी कोणी खरोखर काही पाहिले असेल तर ते त्या बाईंनी, त्या क्षणी. आपल्या नदीचे माप घेऊन त्या दुसऱ्याच्या नदीपाशी गेल्या होत्या. बाकीचे आम्ही लंडनने लंडनसाठी ठरवून दिलेल्या मापानेच लंडन मोजत होतो.

खरा दोष येथे आहे. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत असते ते राजवाडा, मनोरा, चाक, पूल, म्हणजे त्या शहराने स्वतःविषयी लिहिलेले प्रशस्तिपत्र. धरणगावच्या माणसाचे लंडन निराळे असायला हवे. ते कोणते, हे मला वीस मिनिटांच्या त्या फोटो-स्टॉपवर टोचले, कारण ॲबीच्या आत जेम्स औट्रमची कबर आहे आणि मी बाहेर उभा होतो.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. भिल्लांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १८२५ साली औट्रम नावाचा बाविशीतला अधिकारी खानदेशात आला आणि भिल्लांना आवरण्यासाठी त्याने भिल्लांचीच पलटण उभारली. त्या पलटणीचे ठाणे होते धरणगाव. दहाएक वर्षे तो या मुलखात होता. पुढे तो अवधचा रेसिडेंट झाला, १८५६ साली ते राज्य खालसा करताना तोच तेथे होता, १८५७ मध्ये लखनौला लढला, आणि १८६३ साली मेल्यावर ॲबीत पुरला गेला. इकडे १८५८ साली सातपुड्यात अंबापाणीला भिल्ल इंग्रजांशी लढून मेले. माझ्या वर्गात आज भिल्ल मुले-मुली बसतात. त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना कवायत शिकवणारा साहेब लंडनच्या सर्वांत मानाच्या जागी निजला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. मलाही कोणत्या अभ्यासक्रमाने सांगितले नाही. जुन्या खानदेश गॅझेटिअरमध्ये योगायोगाने सापडले.

आत जाण्यासाठी तासभर मागितला. कार्यक्रमात नाही, असे नम्र उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपारी खरेदीसाठी तीन तास मोकळे होते. आम्ही दोघे गट सोडून भुयारी रेल्वेने एम्बँकमेंटला गेलो. नदीकाठच्या व्हाइटहॉल गार्डन्समध्ये औट्रमचा ब्राँझचा पुतळा १८७१ पासून उभा आहे. त्याच बागेत मुंबईचा एके काळचा गव्हर्नर बार्टल फ्रिअरही आहे. दोघांभोवती कोणीही नव्हते. डबे उघडून जेवणारे कचेरीतले दोन तरुण तेवढे बाकावर बसले होते. मला कसलाही साक्षात्कार झाला नाही. धरणगावचा एक मनुष्य धरणगावच्या जुन्या अधिकाऱ्यासमोर, कुणाचीही परवानगी न घेता, अर्धा तास उभा राहिला, एवढेच घडले. खर्च भुयारी रेल्वेच्या तिकिटाचा. ब्रिटिश म्युझियमलाही प्रवेशमूल्य नाही, हे येथे नोंदवून ठेवतो. लंडन स्वस्तात पाहता येत नाही, ही समजूत सहलीच्या पत्रकांची आहे.

चार दिवसांना मर्यादा आहे, हे नाकारत नाही. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. त्यात शिरायला महिने हवेत. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले; तेथेही माझे जाणे झाले नाही. परंतु महिनाभर राहूनही, विचारायचे काय हे ठाऊक नसलेला मनुष्य त्या दोन्ही दारांवरून पुढे निघून जाईल.

आणि विचारायचे काय, हे लंडनला कळत नाही. ते येथे कळावे लागते. बालकवी याच धरणगावात १८९० साली जन्मले आणि १९१८ साली जळगावजवळ भादली स्थानकापाशी रेल्वेखाली गेले. जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे आयुष्य, आणि त्यात समुद्रापलीकडचा प्रवास नाही. त्यांना पाहण्यासाठी किती मुक्काम लागला, हा प्रश्न कोणी समीक्षक विचारत नाही.

यंदापासून प्रवासवर्णनाच्या पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना दोन कामे देणार आहे. नेमलेल्या पुस्तकात लेखकाच्या तिकिटाचे पैसे कोणी दिले, ते शोधून लिहा. आणि धरणगावातील औट्रमची, पलटणीची एखादी खूण शोधून तिच्यावर दोन पाने लिहा. जाण्यायेण्याचा खर्च शेवटी मांडा. चर्चासत्राचे निमंत्रण पुन्हा आले तर मी जाईन. मात्र टाळी वाजवण्याआधी ही पाने वाचून दाखवण्यापुरता वेळ मागेन.