लिंक भरण्याआधी आणि पाठवण्याआधी



घरातल्या मोबाईलवर अधूनमधून एक निरोप येतो. मी पीएच.डी.चे संशोधन करीत आहे, खालची लिंक उघडून प्रश्नावली भरावी व पुढे पाठवावी, ही विनंती. पाठवणारा कधी ओळखीचा असतो, कधी कुणाच्या भाच्याचा मित्र. कोणी भरतो, कोणी न वाचताच पुढे ढकलतो. २०२० च्या लॉकडाऊनपासून ही रीत फार वाढली. या लिंकविषयी आज चार शब्द बोलावेत असे आम्हास वाटते, कारण ती पाठवणारी मुले-मुली आता आपल्याही वस्त्यांतली आहेत.

ही आनंदाचीच गोष्ट आहे. जालना जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्याला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ साली मराठवाड्यातल्या आपल्या माणसांनी घरे जळताना पाहिली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्यांच्या आईबापांनी जालन्याच्या स्टील कारखान्यांत, बियाण्याच्या गोदामांत अंग मोडून काम केले, त्यांची लेकरे आज तिथे प्रबंध लिहितात. त्या प्रबंधातला आकडा पोकळ निघू नये, ही काळजी त्यांच्याइतकीच आपलीही आहे.

लिंकवरची पाहणी वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. एसटीचे भाडे वाचते, छपाई वाचते, दोन-चार दिवसांत शेकडो उत्तरे जमतात. गरिबाघरच्या विद्यार्थ्याला हा मोठाच आधार. नाव लिहायचे नसेल तर लाजेची गोष्टही माणूस मोकळेपणी सांगतो. महाविद्यालयातल्या मुलांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का, एवढे विचारायचे असेल आणि वर्गातल्या सगळ्यांकडे फोन असेल, तर लिंक खुशाल पाठवावी.

पण प्रश्न ऊसतोड बायांचा असेल तर? दसरा-दिवाळी झाली की घनसावंगी, अंबड, मंठा भागातली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. बाई पहाटे फडात जाते, रात्री कोपीत परतते. घरात फोन असला तरी तो बहुधा नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, तेव्हा आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के निघाल्या. खेड्यापाड्यांत त्या २५ टक्केही नव्हत्या. पुढे फोन वाढले हे खरे. पण घरात फोन असणे वेगळे आणि तो बाईच्या हाती असणे वेगळे.

कोणी म्हणेल, आमच्याकडे तर पाचशे उत्तरे आली आहेत! त्यांनी अमेरिकेतली एक गोष्ट ऐकावी. १९३६ साली तिथल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने सांगितले, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. असे का झाले? पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार कुणाच्या घरी होती, हे सांगायला नको. शिवाय ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तर पाठवले. वीस लाख उत्तरे येऊनही गरिबाचे मत त्यांत पुरेसे उतरले नाही. मग आपल्या पाचशे उत्तरांची काय कथा?

आता शेजारच्या बीड जिल्ह्याचे उदाहरण पाहा. ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात, अशी ओरड झाल्यावर २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली. हे दुःख व्हॉट्सॲपच्या लिंकवर कोणी लिहिले असते का? कामावर खाडा पडू नये म्हणून बाईने काय सोसले, हे ती समोर बसलेल्या बाईलाच सांगते, तेही विश्वास बसला तर.

बाबासाहेबही चौकशीसाठी माणसांपर्यंत गेले होते. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून अस्पृश्यांची गाऱ्हाणी तपासत ते खानदेशात फिरले. धुळ्याकडून परतताना चाळीसगावी टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. वस्तीतल्या एकाने सवय नसताना टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

म्हणून संशोधन करणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. लिंक जरूर वापरा, पण ती जिथे पोहोचत नाही तिथे वही घेऊन जा. बाजाराच्या दिवशी जा, ऊसतोडीला गेलेली माणसे गावी परतल्यावर जा. आणि प्रबंधात खरे लिहा. फोनवाल्या दोनशे जणांना विचारले असेल तर तसे म्हणा, 'जालना जिल्ह्यातील मजूर' म्हणू नका. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' हा पर्याय ठेवा. आपल्या माणसाला 'इतर'वर बोट ठेवायला लावू नका.

घरच्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. लिंक आली की आधी नाव, महाविद्यालय आणि मार्गदर्शक कोण ते पाहावे. या माहितीचे काय करणार, आमचे नाव गुप्त राहील का, हे विचारावे. आधारचा क्रमांक, बँकेचे खाते, ओटीपी असल्या गोष्टी प्रश्नावलीला लागत नाहीत. मागितल्या तर लिंक तिथेच बंद करावी. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. तेव्हा नको वाटले तर नाही म्हणण्यात संकोच नसावा.

आणखी एक. आईच्या नावाने पोराने मनानेच उत्तरे भरू नयेत. तिच्याजवळ बसावे, प्रश्न तिच्या बोलीत वाचून दाखवावा आणि ती जे सांगेल तेच लिहावे. तिला किती मजुरी मिळते, कंबर कधीपासून दुखते, हे कदाचित घरात आजवर कोणी विचारलेही नसेल. या निमित्ताने ते आपल्यालाही कळेल.