नुसत्या मलमाने भागत नाही

गाय लंगडायला लागली की आपली पहिली धाव मलमाच्या डबीकडे. मीही तेच केले. माझी संकरित गाय मागच्या पायाने लंगडत होती. 3 आठवडे रोज मलम लावून फडके बांधले. दूध निम्म्यावर आले, पण जखम काही भरेना.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी खूर साळून सुटलेला, मेलेला भाग काढला आणि त्याच पायाच्या निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवला. दुखऱ्या नखीवरचा भार उतरला, तेव्हा कुठे गाय सावरली. तळव्याची ही जखम आतले हाड कोवळ्या मांसावर दाबल्याने होते. वरचे मलम तो दाब कसा काढणार? मोरचुदाची पूड तर उघड्या जखमेवर टाकूच नका. नवे मांस जळते.

खरे औषध गोठ्यातच आहे. दिवसभर कोब्यावर उभ्या गाईचा खूर टिकत नाही. तिला दिवसाचे 10-12 तास बसायला मिळाले पाहिजे. आपण फडातले पाचट पेटवून देतो. त्यातले कोरडे पाचट गोठ्यात अंथरा, भिजले की बदला. पेंड-भरडा एकदम वाढवू नका. वर्षातून दोनदा खूर तपासून घ्या.

माझे तर स्पष्ट मत आहे, कारखान्याने गटवार खूर साळणीची शिबिरे भरवावीत. लंगडी गाय बाजारात मातीमोल जाते, आणि उसाचे बिल येईपर्यंत आपली चूल दुधावरच पेटते!