वीज आमच्या जिल्ह्याची, प्लग कोणाचा?

विजेवर चालणारी मोटार हा श्रीमंतांचा विषय, चळवळीने त्यात कशाला पडायचे, असे आपल्यातील अनेकजण म्हणतात. पालघर जिल्ह्यात तरी असे म्हणून चालणार नाही. तारापूरची अणुवीज १९६९ पासून महाराष्ट्र आणि गुजरातला मिळते. तेथील ५४० मेगावॅटच्या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक वसाहत ९३.६९ गुण घेऊन देशात पहिली आली, तीही प्रदूषणात! ज्यांनी विजेची आणि कारखान्यांची किंमत जमीन व श्वास देऊन मोजली, त्यांनी बिनधुराच्या गाडीवर हक्क सांगायचा नाही, तर कोणी सांगायचा?

राज्य शासनाच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर संपूर्ण टोलमाफी आहे. यातील एकही रस्ता पालघर जिल्ह्यातून जात नाही. माफी कोणासाठी आहे, हे वेगळे सांगायला नको.

घरी गाडी चार्ज करण्याचा हिशेब पाहू. १५ ॲम्पियरच्या साध्या प्लगवर ३० युनिटची बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. रात्री लावली की सकाळी गाडी तयार. एका युनिटमध्ये मोटार साधारण सहा-सात किलोमीटर जाते. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला दीडशे युनिट जादा लागतात. १०० युनिटच्या आत राहणारे घर त्यामुळे महावितरणच्या वरच्या टप्प्यात ढकलले जाते. तरीही पेट्रोलपेक्षा हे स्वस्तच पडते. मात्र या स्वस्ताईला दोन अटी आहेत : मीटर स्वतःचा हवा आणि गाडी लावायला जागा स्वतःची हवी. बोईसरच्या चाळीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराकडे दोन्ही नाहीत. मीटर चाळमालकाच्या नावावर आणि युनिटचा दर त्याच्या मर्जीवर. अशा ठिकाणी मोटार सोडाच, ई-रिक्षा किंवा स्कूटर चार्ज करायलाही मालकाचे तोंड पाहावे लागते.

येथे कायदा आपल्या बाजूचा आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक 'किंवा भोगवटादार' यांनी अर्ज केल्यास वीजपुरवठा देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. घरमालक ना-हरकत देत नाही, एवढ्याच कारणावरून वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२४ च्या सुधारित नियमांनी वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचाही हक्क दिला. भाडेकरूंनी हे अर्ज लेखी करावेत, पोच घ्यावी आणि नकारही लेखीच मागावा. तोंडी नकाराविरुद्ध तक्रार निवारण मंचापुढे उभे राहणे अवघड जाते.

पण मीटर मिळाला तरी चाळीला आवार नाही, गाडी रस्त्यावरच. लांबच्या प्रवासात तर घरचा प्लग कोणाच्याच कामाचा नाही. ६ डिसेंबरला बोईसरहून चैत्यभूमीला जाऊन परत यायचे तर दोनशे किलोमीटरच्या वर अंतर होते. ३० युनिटची बॅटरी वाटेत भरावीच लागते. जव्हार-मोखाड्याच्या घाटाने नाशिकला जाताना चढावर ती आणखी लवकर उतरते. म्हणजे खरा प्रश्न सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचा आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय, असे धोरण म्हणते. परंतु मोटारींच्या वेगवान चार्जरचा प्लग बहुतेक स्कूटर आणि ई-रिक्षांना लागतच नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अशा केंद्रांना सरकारी जमीन विकलेल्या विजेच्या युनिटमागे १ रुपया घेऊन देण्याची तरतूद केली. जमीन जनतेची असेल, तर तेथे फक्त मोटारवाल्याचीच सोय का?

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले. तरी पाणी मिळाले नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, हा अनुभव आपल्याला नवा नाही. आज जात विचारली जाणार नाही. जागा, मीटर आणि गाडीची किंमत विचारली जाईल, आणि बाहेर राहणारी माणसे बहुतांशी तीच असतील.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचे खाते होते. वीज मुबलक आणि स्वस्त असावी, ती नफेखोरीवर सोडू नये, ही त्यांची भूमिका होती. त्या भूमिकेतूनच आपल्या मागण्या ठरतात. बोईसर, पालघर, डहाणू आणि जव्हारच्या एसटी स्थानकांवर व औद्योगिक वसाहतीत सार्वजनिक चार्जिंग केंद्रे हवीत. प्रत्येक केंद्रात स्कूटर आणि रिक्षांसाठी १५ ॲम्पियरचे प्लग सक्तीचे हवेत. युनिटचा दर फलकावर लिहिलेला हवा. केंद्रे चालवण्याचे काम प्रकल्पग्रस्त आणि आदिवासी-दलित तरुणांच्या सहकारी संस्थांना द्यावे. निविदा निघून ठेके वाटले गेल्यावर मोर्चे काढून उपयोग नाही. ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, हे काम आत्ताच करायचे आहे.