संच हातात, बॅटरी रामभरोसे

पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ २२ जानेवारी २०२५ रोजी सायंकाळी पुष्पक एक्स्प्रेस थांबली. गाडीला आग लागल्याची हूल उठली, साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि त्याच रुळांवरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर जीव गेले. आग नव्हतीच. त्या अपघाताचा दोष कोणाकडे, हा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा नाही. परंतु अशा प्रसंगी एका गाडीने दुसरीला सावध करण्यास किती थोडे क्षण हाती असतात, हे त्या सायंकाळी खानदेशाने पाहिले. चालकाच्या आणि पूर्वीच्या गार्डच्या, म्हणजे आताच्या ट्रेन मॅनेजरच्या, हाती वॉकी-टॉकी दिलेली असते ती या क्षणांसाठीच. तिची बॅटरी ऐन वेळी बसली, तर संच जवळ असून नसल्यासारखाच.

वॉकी-टॉकीच्या सुरक्षिततेचा विषय अलीकडे निघाला तो मात्र भलत्याच कारणाने. १८ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये शेकडो हातसंचांचे एकाच दिवशी स्फोट झाले. त्यांवर एका प्रसिद्ध जपानी कंपनीचे नाव होते. त्या नमुन्याचे उत्पादन आपण २०१४ मध्येच थांबविल्याचे कंपनीने सांगितले. तेव्हापासून बॅटरी म्हणजे बॉम्ब, अशी धास्ती पुष्कळांच्या मनात बसली. ती अनाठायी आहे. तेथे स्फोटके कोणीतरी हेतुपुरस्सर दडविली होती. साधी बॅटरी तसा घात करीत नाही. ती फुगते, तापते, क्वचित पेट घेते आणि बहुधा काहीच न करता गुपचूप निकामी होते. या शेवटच्या प्रकाराची बातमी होत नाही, म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

जाहिरातीतील 'दहा तास चालते' या वचनाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हा हिशेब साधारणतः असा मांडलेला असतो की, शंभर मिनिटांपैकी पाच मिनिटे बोलणे, पाच मिनिटे ऐकणे आणि नव्वद मिनिटे संच नुसता चालू. बोलण्याचे बटन दाबताच वीज कित्येक पटींनी अधिक खर्च होते. आता जळगावच्या गणेश विसर्जनाचा किंवा धुळ्यातील एखाद्या मोठ्या मोर्चाचा बंदोबस्त डोळ्यांसमोर आणावा. तेथे नव्वद मिनिटांची शांतता कोठून मिळणार? दहा तासांची बॅटरी पाच-सहा तासांत मान टाकते, आणि तीही नवी असेल तर. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ३०० ते ५०० वेळा भारित झाल्यावर तिची धारणशक्ती लक्षणीय घटते. रोज भारित होणाऱ्या बॅटरीला हा टप्पा गाठण्यास दीड वर्षही पुरते.

त्यात खानदेशचा उन्हाळा! मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद जीपमध्ये तो ६० च्याही पुढे जातो. लिथियमच्या बॅटऱ्या ४५ अंशांपुढे भारित करू नयेत, असे बहुतेक उत्पादक सांगतात. पूर्ण भारित बॅटरी अशा उष्णतेत ठेवली की तिचे आयुष्य झपाट्याने सरते. म्हणजे जीपच्या पुढच्या काचेपाशी संच ठेवण्याची आपली सवय बॅटरीचा दुहेरी घात करते. फुगलेली बॅटरी दाबून संचात बसविणे, खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटी बॅटरी बाळगणे, रात्रभर गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर भारित करणे, हे आगीला निमंत्रण आहे. बॅटरीने पेट घेतलाच तर माणसे दूर करून, सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी ओतून तिला थंड करावे.

विहिरीच्या सुरुंगाचा धोका याहून निराळा आहे आणि तो कमी लोकांना ठाऊक आहे. येथील काळ्या पाषाणात विहीर खोदायची तर सुरुंग लावावा लागतो. विजेच्या डिटोनेटरच्या तारा अँटेनासारखे काम करू शकतात. जवळ कोणी संचाचे बटन दाबले तर सुरुंग अवेळी उडण्याचा संभव असतो. तेथे संच बंदच ठेवावा. ज्वालाग्राही वायू किंवा द्रव असेल तेथे ठिणगी न पडण्याचे प्रमाणपत्र असलेलाच संच चालतो, आणि त्याला बाजारातील साधी बॅटरी जोडली की ते प्रमाणपत्र निरर्थक होते. पुष्कळजण चुकतात ते येथेच.

स्वस्त संच आता घरबसल्या मागविता येतात. लग्नकार्यापासून गणेश मंडळापर्यंत सर्वांच्या हाती ते दिसतात. ४४६ मेगाहर्ट्झच्या ठरावीक पट्ट्यातील कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त संचांना परवाना लागत नाही, इतरांना लागतो. हा भेद न सांगता विक्री करणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये नोटिसा दिल्या आणि पुढे मार्गदर्शक सूचनाही काढल्या. हौसेच्या संचाने पोलिसांच्या किंवा रेल्वेच्या लहरींत व्यत्यय आणला तर कोणाच्या जिवावर बेतेल, याचा विचार विकणारा करीत नाही आणि घेणाराही करीत नाही.

सरकारी कचेरीत खरेदी झाली की संच जडसंग्रहाच्या नोंदवहीत चढतो, त्याला क्रमांक मिळतो, वर्षाअखेर त्याची मोजदाद होते. बॅटरीची जन्मतारीख मात्र सहसा कोठेच लिहिलेली नसते. ती कधी घेतली, कितव्यांदा भारित झाली, अद्याप किती तास चालते, हे कोणी सांगू शकत नाही. आणि संच बदलण्यास मंजुरी मिळते, पण बॅटरीसाठी किरकोळ खर्चाचे शीर्ष रिकामे असते. बॅटरीवर खरेदीचा महिना ठळक लिहावा, सहा महिन्यांनी ती प्रत्यक्ष किती तास टिकते हे पाहून नोंद ठेवावी आणि निकामी झालेली २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार परत करावी. एका कारकुनाचे हे तासाभराचे काम आहे. त्यासाठी एक स्वतंत्र पान आणि थोडी तरतूद यंदाच्या अंदाजपत्रकात ठेवण्यास कोणाच्याही परवानगीची अडचण पडू नये.