पळस : नाव पानाचे, दप्तरात लॉर्डचे

१/८
फाल्गुन लागला की समुद्रपूर तालुक्याच्या माळांवर पळस पेटतो. अंगावर पान नाही, सगळा केशरी फुलोरा. पण ज्याच्या फुलांचे एवढे कौतुक, त्याचे नाव फुलावरून पडलेले नाही. त्या नावाचा हा इतिहास. #धागा

२/८
संस्कृतात ‘पलाश’ म्हणजे पान. याच वृक्षाचे वैदिक नाव ‘पर्ण’, अर्थ तोच. प्राकृतात ‘पलास’, मराठीत ‘पळस’. दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो : फल–फळ, काल–काळ. म्हणजे हा शब्द पोथीतून उचललेला नव्हे, तोंडी झिजत घडलेला आहे.

३/८
‘किंशुक’ म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ ही फोड चोचीसारख्या पाकळीमुळे कवींना आवडली. रमणीय आहे, म्हणून ती खरी मानू नये. लोकांच्या हाताशी होते ते पान : पत्रावळ, द्रोण, आणि ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण.

४/८
१७५७ ची लढाई ज्या पलाशीला झाली, त्या गावाचे नावही याच वृक्षावरून आले. विदर्भातली पळसगावे त्याच कुळातली.

५/८
शास्त्रीय नाव : ब्युटिया मोनोस्पर्मा. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकबीज; शेंगेत एकच बी असते. ‘ब्युटिया’ मात्र अर्ल ऑफ ब्यूट यांच्यावरून. ते १७६२–६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते, वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते होते. भारतात कधीच आले नाहीत.

६/८
मग हे नाव पुसावे का? २०२४ मध्ये माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘काफ्रा’ हे आफ्रिकी लोकांचा अपमान करणारे पद २०० हून अधिक नावांतून बदलण्याचे ठरले. ते योग्यच झाले. ‘ब्युटिया’ ही मात्र शिवी नव्हे. नाव देण्याचा अधिकार तेव्हा कोणाच्या हाती होता, याचा तो दस्तऐवज आहे. माझ्या मते तो राहू द्यावा आणि वाचावा.

७/८
खरी हानी दुसरीकडे आहे. पंगतीतून पत्रावळ उठली, तिथे प्लास्टिक बसले. पानाचा व्यवहार संपला की ‘पळस’ या शब्दातले पानही गळते. उरते ते फुलांचे छायाचित्र. लॉर्डने आपले नाव नेले नाही. आपणच त्याचा अर्थ सोडत आहोत.

८/८
सागरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेले समुद्रपूर एवढे तरी शिकवते, की नावाचा अर्थ वरवर पाहून लावू नये. आपल्या गावातल्या वडीलधाऱ्यांना शिवारांची, पाणंदींची, झाडांची नावे विचारा आणि लिहून ठेवा. ताम्रपटाइतकाच तोही इतिहासाचा पुरावा आहे.