मँटलपीस निवडताना

गेले तीन महिने आमच्या घरात एका फळीवरून वाद चालू आहे. फळी म्हणजे मँटलपीस: भिंतीतल्या शेकोटीच्या माथ्यावरची, इंग्रजी कथा-कादंबऱ्यांतून आपल्या सर्वांच्या परिचयाची झालेली, आणि तरीही मराठीत धड नाव नसलेली वस्तू. यॉर्कशरमधील ज्या विटांच्या, शेजाऱ्याला भिंत लावून उभ्या असलेल्या घरात आम्ही राहतो, ते व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांत बांधलेले आहे. बैठकीच्या खोलीतील हार्डबोर्ड काढला तेव्हा मागे शेकोटीचे कोनाड्यासारखे तोंड शाबूत निघाले. भोवतालची चौकट मात्र कोणीतरी पूर्वीच काढून नेली होती. ह्यात नवल नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर उतरलेल्या विषारी धुरक्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, पुढे घरोघर गॅस आणि सेंट्रल हीटिंग आले, आणि असंख्य शेकोट्या अशाच बुजवल्या गेल्या.

आता त्या उघड्या तोंडावर बसवायचे काय? एका दुकानाच्या कॅटलॉगात ‘व्हिक्टोरियन शैलीतील’ पांढरी चौकट आहे. दिसायला संगमरवर, आतून दाबलेला लाकडाचा भुसा. आमची कन्या वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. तिचे मत निराळे: “बाबा, जिथे विस्तव पेटणारच नाही तिथे शेकोटीची चौकट कशाला? ते ढोंग आहे. भिंत सपाट करून टाका.” आम्हांस हवी होती एक साधी, जाड लाकडी फळी, पण का हवी, हे सांगता येत नव्हते. हा लेख म्हणजे ते सांगण्याचा प्रयत्न.

प्रथम आम्ही कॅटलॉगमधील चौकटीला ‘नकली’ म्हणून निकालात काढले. परंतु हा युक्तिवाद टिकणारा नाही, हे थोडे वाचताच लक्षात आले. खुद्द व्हिक्टोरियन काळात स्लेटच्या फरशा रंगवून, त्यांवर शिरा काढून, संगमरवराचा भास निर्माण करणाऱ्या चौकटी मध्यमवर्गीय घरांत सर्रास बसवल्या जात. म्हणजे आमच्या घरातून उचकटून नेलेली ‘अस्सल’ चौकटही कदाचित नक्कलच असेल. ऐतिहासिक कादंबरीच्या भाषेविषयी वाद घालणाऱ्यांना हा पेच नवा नाही: ज्या काळाची अस्सल बोली म्हणून आपण जिचा आग्रह धरतो, ती त्या काळीही पुष्कळदा घडवलेलीच असते. तेव्हा अस्सल-नकली ही कसोटी येथे पुरत नाही.

कन्येचा मुद्दा अधिक भक्कम. उपयोग संपला की आकारही संपावा, हे आधुनिकांचे सूत्रच आहे. तिला आम्ही अडॉल्फ लोसचे उदाहरण दिले. अलंकरणावर इतका कठोर हल्ला चढवणाऱ्या ह्या वास्तुकाराने १९०३ साली व्हिएन्नातील स्वतःच्या घरात विटांच्या शेकोटीभोवती बसण्याचा एक कोपरा हौसेने रचला होता. त्यावर “तिथे विस्तव होता” हे तिचे उत्तर, आणि ते बरोबर आहे. पण आमचा खरा मुद्दा असा की, मँटलपीसचा उपयोग विस्तवापाशी संपत नाही. १९३७ साली ब्रिटनमध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ ही सामान्यांच्या जगण्याची नोंद करणारी संस्था स्थापन झाली. तिने आरंभीच आपल्या स्वयंसेवकांना जी कामे सांगितली, त्यांत एक होते: तुमच्या मँटलपीसवर काय काय आहे, त्याची यादी करा. विचारणाऱ्यांना कुतूहल शेकोटीवर मांडलेल्या वस्तूंचे होते. एक फळी वाचली की घर वाचता येते, हा त्यामागील विश्वास.

कथाकारांना हे आधीच ठाऊक होते. पोच्या ‘द पर्लॉइन्ड लेटर’मध्ये (१८४४) पोलिसांनी सारे घर पालथे घालूनही न सापडलेले पत्र मँटलपीसच्या खालीच टांगलेल्या कागदाच्या खणात, सर्वांच्या डोळ्यांदेखत असते. व्हर्जिनिया वुल्फच्या ‘द मार्क ऑन द वॉल’मध्ये (१९१७) निवेदिकेचे सारे चिंतन मँटलपीसच्या किंचित वर दिसणाऱ्या एका डागापासून सुरू होते. आणि डॉयलच्या ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’च्या (१८९३) आरंभी होम्सच्या गबाळेपणाचे वर्णन आहे: उत्तर न दिलेली पत्रे तो मँटलपीसच्या ऐन मध्यावर चाकू खुपसून अडकवून ठेवतो. ह्यातला एक तपशील आम्ही अनेक वर्षे शिकवूनही आमच्या नजरेतून निसटला होता. ते मँटलपीस लाकडी आहे. संगमरवर असता तर चाकू रुतलाच नसता.

उत्तर न दिलेली पत्रे म्हटल्यावर आम्हांला आमचे आठवते. वडिलांनी साताऱ्याहून १९९८ साली पाठवलेले निळे हवाई पत्र आमच्या टेबलाच्या खणात आहे. यंदा येणार का, एवढेच त्यांनी विचारले होते. रजेचे नक्की झाले की लिहू, असे म्हणता म्हणता ते गेले. पत्र टाकून देववत नाही आणि चौकटीत बसवून भिंतीवर लावावे, असे ते मानचिन्हही नव्हे. खण आणि भिंत ह्यांच्या मध्ये, नजरेसमोर पण प्रदर्शनाबाहेर, अशी जागा घरात असावी लागते. सपाट भिंत ती देत नाही. कॅटलॉगमधील पांढरी चौकट देते, पण तिच्यावर काय शोभेल हे आधीच ठरवून: मध्ये घड्याळ, दोन बाजूंना दोन फुलदाण्या.

म्हणून आमचे मत असे. मँटलपीस निवडताना आधी शैली पाहू नये. त्यावर काय ठेवायचे आहे त्याची प्रामाणिक यादी करावी, नको वाटणाऱ्या वस्तूंसह. मग फळीची रुंदी ठरवावी. डाग पडला, खिळा ठोकला तरी जे बिघडणार नाही असे द्रव्य घ्यावे. पुढेमागे स्टोव्ह बसवायचा असेल तर लाकूड आणि उष्णता ह्यांत किती अंतर हवे, ते जाणकाराला विचारूनच काम करावे. तेथे साहित्य उपयोगी पडत नाही.

आम्ही एका पाडलेल्या इमारतीतून निघालेली पाइनची तुळई घेतली. तिला जुन्या खिळ्यांची भोके आहेत. कन्येला ती अजूनही अनावश्यक वाटते. परवा मात्र पत्र तेथे ठेवलेले पाहून तिने ते उलगडले, आणि देवनागरी अक्षरे एकेक जुळवत आजोबांचा प्रश्न मोठ्याने वाचला. वाद संपलेला नाही.