खाण तशी माती ? हार्लेमच्या शाळांची साक्ष

'खाण तशी माती' ही म्हण आमच्या मुलांच्या डोक्यावर जितक्या वेळां आपटली गेली असेल तितकी दुसरी कोणतीही आपटली गेली नसेल. कुणब्याचें पोर वाचतांना अडखळलें, कुंभाराच्या पोरीचा भागाकार चुकला, कीं तपासायला आलेला साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "घरांत पाटी-पुस्तक नाहीं, आईबाप अडाणी, वस्ती ही अशी, मास्तर तरी काय करणार?" हें बोलणें दयेचें असतें, म्हणूनच तें अधिक घातक. शिवी दिली तर माणूस चवताळून उठतो. दया दाखविली तर तो मान खालीं घालून घरीं जातो. कित्येक आईबापांनीं तर हें खरें मानून पोराच्या हातीं खुरपें दिलें. तेव्हां ही म्हण खरी कीं खोटी, याचा एकदां पुराव्यानें निकाल लावणें जरूर आहे.

हा वाद आपल्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेंत १९६६ सालीं जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञानें सरकारच्या सांगण्यावरून सुमारें सहा लाख मुलांची पाहणी करून मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचें सार असें कीं, मुलांच्या अभ्यासांत जो फरक पडतो तो शाळाशाळांतील फरकापेक्षां घरच्या परिस्थितीनें अधिक पडतो. अहवाल मेहनतीचा होता. परंतु गरीबांच्या शाळेवर पैसा कशाला घालवावा असें म्हणणाऱ्यांच्या हातीं त्यानें आयतें कोलीत मिळालें.

आतां दुसरी बाजू ऐका. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, अमेरिकेंतील गुलामांना दास्यांतून सोडविणाऱ्या सज्जनांना अर्पण केलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या गुलामांच्या वंशजांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती न्यूयॉर्क शहरांतील हार्लेम भागांत आहे. तेथें जेफ्री कॅनडा या कृष्णवर्णी गृहस्थानें 'हार्लेम चिल्ड्रन्स झोन' ही संस्था वाढविली. चारी बाजूंनीं रस्ते असलेले ९७ मोहल्ले तिनें आपल्या पंखाखालीं घेतले. नव्या आईबापांना मूल वाढविण्याचे धडे, बालवाड्या, दमेकरी मुलांना औषधपाणी, शाळा सुटल्यावर अभ्यासाची सोय, असें पुष्कळ काम तिनें उभें केलें. शिवाय २००४ सालापासून तिनें स्वतःच्या शाळाही काढल्या. सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण आपला कारभार आपण पाहणाऱ्या अशा शाळांस तिकडे 'चार्टर' शाळा म्हणतात.

म्हणजे येथें वस्तीही सुधारली जात होती आणि शाळाही. मुलांना जो गुण आला तो कशाचा ? हा प्रश्न रोलंड फ्रायर व विल डॉबी या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं हातीं घेतला. फ्रायर हे हार्वर्ड विद्यापीठाचे व स्वतः कृष्णवर्णी. २०१५ सालीं त्यांना जॉन बेट्स क्लार्क पदक मिळालें. त्यांची तपासण्याची रीत आमच्या शेतकऱ्याला चटकन समजेल. शाळेंत जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून चिठ्ठ्या टाकून मुलें घेत. चिठ्ठी निघालेलें मूल व न निघालेलें मूल, दोघेंही सारख्याच घरांतलीं. दोघांच्याही आईबापांना शिक्षणाची हौस सारखीच. एकाच कणगींतलें बियाणें दोन वावरांत पेरावें तसें हें झालें. पिकांत फरक दिसला तर तो बियाण्याचा नव्हे, मशागतीचा.

निकाल २०११ सालीं प्रसिद्ध झाला. प्राथमिक वर्गांत चिठ्ठी निघालेल्या मुलांची मजल एवढी गेली कीं, गोऱ्या व काळ्या मुलांमध्यें गणितांत आणि इंग्रजींत जें अंतर असतें तें भरून निघावें. त्यांच्या वरच्या वर्गांत गणिताचें अंतर भरून निघण्याइतकी प्रगति झाली. आणि खरी गंमत पुढेंच आहे. त्या ९७ मोहल्ल्यांच्या बाहेर राहून शाळेंत येणाऱ्या मुलांनाही आंतल्या मुलांइतकाच लाभ झाला. उलट, ज्यांना वस्तींतल्या सोयी मिळाल्या पण ती शाळा मिळाली नाहीं, त्यांच्या परीक्षेच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. आईबाप तेच, गल्ली तीच, दारिद्र्य तेंच. शाळा बदलली आणि मूल वर आलें. खाण तशी माती म्हणणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावें !

परंतु शाळा बदलली म्हणजे काय बदललें ? रंगरंगोटी नव्हे, नवी कमान नव्हे. त्या शाळांतलें साधारण मूल इतर शाळांच्या मानानें वर्षांत सुमारें दीडपट वेळ शिके आणि मागें पडलेलें मूल जवळजवळ दुप्पट. चांगलें जेवण व डॉक्टरची तपासणी शाळेंतच होई. पुढें २०१३ सालीं याच दोघांनीं न्यूयॉर्कमधील ३९ चार्टर शाळा आंतून तपासल्या. वर्गांत मुलें किती, दर मुलामागें खर्च किती, शिक्षकाजवळ दाखला कोणता, यांचा शाळेच्या यशाशीं मेळ बसेना. आम्हां दाखलेवाल्या मास्तरांना हें कडू लागेल, पण औषध कडूच असतें. मेळ बसला तो पांच गोष्टींशीं : शिक्षकाच्या शिकविण्यावर वरचेवर देखरेख व सूचना, मुलाला काय येतें हें तपासून त्याप्रमाणें धडा, थोड्या मुलांची नेमानें शिकवणी, अधिक वेळ, आणि हें मूल शिकणारच, ही मोठी अपेक्षा. शाळाशाळांच्या यशांतील सुमारें ४५ टक्के फरकाचा उलगडा एवढ्यानेंच झाला.

कोणी म्हणेल, हें वेंचक शाळांचें कौतुक. साध्या सरकारी शाळेंत हें कोठून होणार? तेंही करून पाहिलें आहे. टेक्सास राज्यांतील ह्यूस्टन शहरीं २०१० सालापासून अगदीं मागासलेल्या २० सरकारी शाळांत हेच उपाय घातले. शिकविण्याचा वेळ वाढविला, बहुतेक ठिकाणीं हेडमास्तर बदलले, कांहीं इयत्तांत दोन-तीन मुलांमागें एक शिकवणी घेणारा दिला. गणितांत दरसाल स्पष्ट वाढ झाली. वाचनांत मात्र फारसा फरक पडला नाहीं. हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आम्हांस वाटतें कीं, गणित बहुधा शाळेंतच शिकावें लागतें, पण भाषा मूल चोवीस तास घरादारांत ऐकत असतें. तेथें घराचा हात शाळेच्या हातापेक्षां लांब पोंचतो.

म्हणून वस्तीचें महत्त्व शून्य आहे असेंही कोणी समजूं नये. अमेरिकेंतच १९९४ ते १९९८ च्या दरम्यान पांच शहरांतील सुमारें ४,६०० गरीब कुटुंबांत चिठ्ठ्या टाकून कांहींना बऱ्या वस्तींत बिऱ्हाड करण्यासाठीं मदत दिली. त्यांच्या मुलांचे परीक्षेंतील गुण कांहीं वाढले नाहींत. परंतु राज चेट्टी, नॅथॅनिअल हेंड्रन व लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें कीं, जीं मुलें तेराव्या वर्षाच्या आंत तेथें गेलीं, त्यांची पंचविशीच्या सुमाराची कमाई ३१ टक्क्यांनीं अधिक झाली. तेव्हां चांगली शाळा दिली म्हणजे घर, पाणी, मजुरी यांची जबाबदारी सुटली, असें सरकारला म्हणतां येणार नाहीं. आणि वस्ती वाईट म्हणून शाळेची जबाबदारी सुटली, असें शाळेलाही म्हणतां येणार नाहीं.

हा धडा शिकण्यास अमेरिकेलाच जावें लागतें असें नाहीं. मुंबई व बडोदें येथील म्युनिसिपल शाळांत २००१ ते २००३ पर्यंत 'प्रथम' संस्थेची बालसखी योजना अर्थशास्त्रज्ञांनीं तपासली. तिसरी-चौथींत मागें पडलेलीं पंधरा-वीस मुलें रोज दोन तास बाजूला बसवून, त्याच वस्तींतली शिकलेली तरुणी त्यांना वाचन व अंकगणित शिकवी. मुलें पुढें गेलीं. ती मदत थांबल्यावर वर्षभरांत बराचसा फायदा ओसरला, हेंही खरें. एक पाणी देऊन पीक येत नाहीं, पाळ्या द्याव्या लागतात.

वस्तींतलाच शिकविणारा असावा, ही गोष्ट जोतीरावांनीं १८८२ सालींच हंटर कमिशनपुढें मांडली होती. शेतकऱ्यांच्या घामांतून निघालेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळूं नका, आणि गांवच्या शाळेंत शक्य तोंवर शेतकरी वर्गांतलेच तयार केलेले शिक्षक नेमा; ज्यांना नांगराची मूठ किंवा सुताराचा वांकस हातीं धरण्याची लाज वाटणार नाहीं असे, अशी त्यांची मागणी होती. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून पुढें सर्व जातींच्या मुलांना एका छताखालीं बोर्डिंगांत आणलें, तेव्हां त्यांनीं शाळा आणि वस्ती दोन्ही एकदमच बदलल्या. त्या बोर्डिंगांतून कुणब्या-धनगरांचीं, महारा-मांगांचीं पोरें शिकून बाहेर पडलीं. त्यांच्या खाणी कोणत्या होत्या ?

तेव्हां बांधवहो, पुढच्या वेळीं कोणी तुमच्या घराकडे बोट दाखविलें तर मान खालीं घालूं नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीला वर्षांत निदान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास शिकविलें पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ती समिति सह्यांपुरती ठेवूं नका. तेथें उभें राहून तीन प्रश्न विचारा : सरल्या महिन्यांत खरोखर शिकविलें किती तास ? वाचतां न येणारीं मुलें कोणतीं, आणि त्यांच्यासाठीं वेगळी शिकवणी कोण, केव्हां घेतो ? मास्तरांचा वेळ वर्गाबाहेर कोणत्या कामांत गेला ? जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांवांचून दुसरें अशैक्षणिक काम शिक्षकाला लावूं नये असें तोच कायदा सांगतो. जेथें लावतात तेथें तुम्हीं आणि आम्हीं मिळून ओरड केली पाहिजे. कारण तो चोरलेला तास मास्तराचा नसून तुमच्या पोराचा आहे.

सरकारकडे आमचें मागणें साधें आहे. गांवोगांव बारावी-पदवी झालेलीं मुलेंमुली रिकामीं बसलीं आहेत. त्यांना चार दिवस धड तयार करून, बरा मेहनताना देऊन, मागें पडलेल्या मुलांची शिकवणी सोंपवावी, आणि ती एका सालानें बंद करूं नये. आमच्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणें आहे. 'पालक अडाणी' हें वाक्य शिक्षकांच्या खोलींतून हद्दपार करा. पालकाला वाचतां येत असतें तर त्यानें पोर तुमच्याकडे कशाला पाठविलें असतें ?

माती कशीही असो, नांगरट वेळेवर झाली पाहिजे. ती कोणीं करावयाची हें ठरलेलें आहे. ती होते कीं नाहीं, हें पाहणें आतां तुमच्या हातीं आहे.